गावचा रस्ता हायवाने (मोठ्या डंपरने) खचवला, भरून कोण देणार? जबाबदारी ठरवण्यापासून दुरुस्तीपर्यंत काय काय करायचं

गावाचा रस्ता उखडला की सहसा होतं काय, तर लोक ड्रायव्हरला धरतात, गाडी दोन तास अडवतात, व्हिडिओ काढतात, मग मालकाचा फोन येतो, गावातलाच कोणीतरी मध्यस्थी करतो आणि गाडी निघून जाते. रस्ता तसाच राहतो. पुढच्या पावसात तिथून एसटी बंद होते आणि शाळेची पोरं चिखलातून जातात. यात ड्रायव्हर सगळ्यात छोटा माणूस असतो, त्याला पगारावर किंवा ट्रीपवर पैसे मिळतात, गाडीत किती भरायचं हे तो ठरवत नाही. जबाबदारी असते गाडीमालकाची, माल भरून देणाऱ्याची, मागवणाऱ्याची आणि रस्ता ज्या खात्याकडं आहे त्या खात्याची, आणि ती कागदावर आणल्याशिवाय कोणीच घेत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, महाराष्ट्रातल्या गावांसाठी, कारण खाती आणि नियम इथले आहेत.

आधी समजून घ्या रस्ता मोडतो का

हे कळलं नाही तर समोरचा इंजिनिअर किंवा कंपनीचा माणूस तुम्हाला दोन वाक्यात गप्प करतो, "रस्ता वापरायलाच असतो ना" म्हणून. रस्त्यावर गाडीचं एकूण वजन नाही तर एकेका एक्सलवर (डावी-उजवी चाकं जोडणाऱ्या आसावर) येणारं वजन काम करतं, आणि नुकसान त्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. हे अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून काढलेलं आहे आणि आपल्याकडची रस्त्याची डिझाइनंही याच हिशोबावर होतात. म्हणजे वजन दीडपट केलं तर नुकसान दीडपट नाही, पाचपट. दुप्पट केलं तर सोळापट. एका साध्या कारच्या एक्सलवर ६०० किलो धरले आणि ट्रकच्या एक्सलवर १० टन, तर ट्रकचा तो एक एक्सल एकदा गेला की कारचा एक्सल ७५ हजारांहून जास्त वेळा गेल्यासारखं होतं. तेव्हा "तुमच्या पण गाड्या जातात की" या बोलण्याला काही अर्थ नाही.

आता गावचा रस्ता. ग्रामीण रस्त्याचं डिझाइन १० वर्षांत किती स्टँडर्ड एक्सल जाणार यावर ठरतं, एक स्टँडर्ड एक्सल म्हणजे ८० किलोन्यूटन, साधारण ८.१६ टन. कमी वाहतुकीचे बरेच रस्ते ३० ते ६० हजार स्टँडर्ड एक्सलच्या गटात बसवलेले असतात. दहाचाकी हायवा कायद्याने मान्य असलेल्या २८.५ टनांत चालली तरी तिची एक भरलेली फेरी साधारण पाच स्टँडर्ड एक्सलएवढी पडते. रोज २० भरलेल्या फेऱ्या म्हणजे रोज १००, म्हणजे ६० हजारांचा रस्ता ६०० दिवसांत संपला, आणि ही झाली नियमात चालणारी गाडी. दीडपट भरली की तोच रस्ता चार महिन्यांत संपतो. हा हिशोब ढोबळ आहे पण अर्जात नक्की टाका, अधिकाऱ्याला लगेच समजतो कारण तो त्याच्याच विषयातला आहे.

वरून पाणी. साइडपट्टी खचली, गटार बुजलं, पाणी डांबराखाली मुरलं की खालचा मुरूम आणि माती मऊ होते, काळ्या मातीच्या भागात तर विचारूच नका, ओली काळी माती वजन पेलतच नाही. उन्हाळ्यात तग धरणारा रस्ता जुलैत आठवडाभरात फुटतो. ३.७५ मीटर रुंदीच्या डांबरावर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीला साइडपट्टीवर उतरावंच लागतं, तिथूनच कडा तुटायला सुरुवात होते.

पहिलं काम: रस्ता नक्की कोणाचा आहे ते काढा

अर्ध्या तक्रारी इथेच मरतात. ग्रामपंचायत म्हणते जिल्हा परिषदेचा, जिल्हा परिषद म्हणते पीडब्ल्यूडीचा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाचा. ढोबळ मानाने असं आहे की राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडं, इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं, गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडं. रस्त्याला नंबर असतो, तो पंचायत समितीतल्या बांधकाम उपविभागात शाखा अभियंत्याला विचारा आणि प्रत्येक अर्जात तोच नंबर लिहा, "आमच्या गावचा रस्ता" असं लिहिलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

रस्ता पंतप्रधान ग्राम सडक योजनेत किंवा मुख्यमंत्री ग्राम सडक योजनेत झाला असेल तर सुरुवातीलाच माहिती फलक असतो, त्यावर ठेकेदाराचं नाव, लांबी, खर्च, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची मुदत बघा. पंतप्रधान योजनेत काम झाल्यापासून ५ वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडं असते. फलकाचा फोटो काढून ठेवा, फलक गायब व्हायला वेळ लागत नाही. इथे एक गुंता होतो तो सांगतो: ठेकेदार म्हणतो ओव्हरलोड गाड्यांनी तुटला म्हणून माझी जबाबदारी नाही, आणि गाडीवाला म्हणतो काम निकृष्ट होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुम्ही त्यात निवाडा करत बसू नका, दोघांविरुद्ध लेखी द्या आणि डांबराची, खडीची जाडी मोजून पंचनामा करा अशी मागणी करा. जाडी डिझाइनपेक्षा कमी निघाली तर ठेकेदार, बरोबर निघाली तर वाहतूक.

दुसरं: जबाबदार माणसांची साखळी लिहून काढा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ नुसार आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरून गाडी चालवणं किंवा चालवायला लावणं, चालवू देणं, हे तिन्ही गुन्ह्यात येतं. ड्रायव्हर मालक नसेल तर मालकाला माहीत होतं किंवा त्याच्याच सांगण्यावरून झालं असं कोर्ट गृहीत धरू शकतं, हेही त्याच कलमात आहे. दंड कलम १९४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च त्यांचा आणि तो माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडता येत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण पावती फाडून गाडी तशीच पुढे जाऊ दिली जाते आणि तुमचा रस्ता तर पुढेच आहे. गाडी थांबवून वजनकाट्यावर न्यायला ड्रायव्हरने नकार दिला तर वेगळा ४० हजारांचा दंड आहे.

२०१८ साली केंद्राने एक्सलच्या मर्यादा वाढवल्या, दहाचाकी २५ वरून २८.५ टन झाली, पण जुन्या गाडीच्या आरसीवर कमी लिहिलेलं असू शकतं, तेव्हा आरसीवर आहे तेच पासिंग (मंजूर वजन) धरा.

आता माल कुठून निघाला ते बघा. क्रशरची खडी, मुरूम, रेती असेल तर गौण खनिज, त्याला महाखनिज प्रणालीवरचा ऑनलाइन वाहतूक पास लागतो, पास नसेल किंवा पासवर कमी ब्रास (खडी-रेती मोजायचं माप) आणि गाडीत जास्त असेल तर ते तहसीलदारांचं काम, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड आणि गाडी जप्त दोन्ही होतं. क्रशर किंवा खाणीला पर्यावरण मंजुरी असेल तर त्या पत्रात ताडपत्री, धूळ, ओव्हरलोड, वाहतुकीचा रस्ता याबद्दल अटी असतात, केंद्राच्या परिवेश पोर्टलवर ते पत्र शोधता येतं. ऊस असेल तर कारखाना आणि वाहतूक ठेकेदार. पवनचक्की, सोलर, मोठ्या महामार्गाचं काम असेल तर मूळ कंपनी, तिचा मुख्य ठेकेदार आणि त्याचा सब-ठेकेदार तिघांचीही नावं लिहा, नाहीतर सब-ठेकेदार काम संपवून निघून जातो आणि कंपनी म्हणते आमच्या गाड्याच नव्हत्या.

आणि घरगुती माल. आपणच घर बांधायला वाळू, सिमेंट, सळई मागवतो, बोअरची गाडी बोलावतो आणि बाराचाकी गल्लीत शिरते, मोरीवरचा स्लॅब बसतो, नळाची पाइपलाइन फुटते. इथे माझं मत स्पष्ट आहे, ड्रायव्हरने नीट न बघता गाडी घातली तर गाडीमालकाने भरायचं, पण "येऊ द्या आत, काही होत नाही" असं म्हणून ज्याने बोलावलं त्याने निम्मं तरी उचललंच पाहिजे. ऑर्डर देतानाच सप्लायरला सांगा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा की मोठी गाडी मेन रोडपर्यंतच, आतलं ट्रॅक्टरने किंवा छोट्या टेम्पोने. थोडं भाडं जास्त लागतं पण शेजाऱ्यांशी वैर होत नाही.

तिसरं: पुरावा, आणि तो गाड्या यायच्या आधीपासून

सगळ्यात जास्त जोर इथे द्या. क्रशर सुरू होणार, कंपनीचं काम येणार असं कानावर आलं की त्याच आठवड्यात रस्त्याचा पहिला व्हिडिओ काढा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोटरसायकलवर हळू जात, तारीख आणि लोकेशन स्क्रीनवर येईल असं कॅमेरा अॅप वापरून. प्रत्येक मोरी, पूल, वळण, साइडपट्टीचे वेगळे फोटो. शक्य असेल तर ग्रामपंचायत अधिकारी आणि दोन-चार लोकांच्या सह्यांचा स्थळपाहणीचा कागद करा. हा कागद नसेल तर नंतर "रस्ता आधीच खराब होता" या एका वाक्यावर सगळं प्रकरण बसतं.

गाड्या सुरू झाल्यावर वही ठेवा. सलग तीन दिवस, दिवसरात्र, शिफ्ट लावून पोरं बसवा, ग्रामीण रस्त्याची वाहतूक मोजणीही तीन दिवसांचीच असते त्यामुळे कोणी नाव ठेवू शकत नाही. वेळ, गाडी नंबर, चाकं किती, भरलेली की रिकामी, कुठून कुठे. नंबर प्लेटवर चिखल फासलेला असेल तर तेही लिहा, तो वेगळा गुन्हा आहे. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून फिटनेस आणि इन्शुरन्सची तारीख संपलीय का बघून घ्या.

नुकसान मोजायला सरळ अॅल्युमिनियमची पट्टी किंवा लाकडी फळी चाकोरीवर आडवी टाका आणि मधली खोली टेपने मोजा, फोटोत टेप दिसला पाहिजे. मोठ्या रस्त्यांच्या डिझाइनमध्ये २० मिलिमीटर चाकोरी पडली की रस्ता निकामी धरतात, गावच्या रस्त्यावर हाताच्या वितीएवढी पडलेली आपण रोज बघतो.

वजनाचा पुरावा मात्र आपल्याकडं नसतो असं सगळ्यांना वाटतं, तसं नाहीये. माल विकला जातो तोच वजनावर, म्हणजे प्रत्येक गाडीचा काटा कुठेतरी झालेलाच असतो. उसाच्या बाबतीत तर शेतकऱ्याच्या हातात पावती येते, तिच्यावर भरलेलं वजन, रिकामं वजन, गाडी नंबर सगळं असतं, गावातल्या दहा-पंधरा जणांच्या पावत्या गोळा केल्या की चित्र उभं राहतं. खडीसाठी वाहतूक पासची नोंद, बाकी मालासाठी बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आणि इ-वे बिल (माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल). हे कागद तुम्हाला कोणी देणार नाही, पण "या गाड्यांच्या काटा पावत्या तपासाव्यात" अशी मागणी अर्जात केली की तपासणाऱ्याला दिशा मिळते.

एक काळजी घ्या, रात्री एकट्यादुकट्याने गाडी अडवायला जाऊ नका, विशेषतः वाळूची. चावी काढून घेणं, टायरची हवा सोडणं, ड्रायव्हरला मारणं हे तर अजिबात नको, केस उलटी तुमच्यावर पडते आणि मूळ विषय बाजूला राहतो. वही आणि फोटो पुरेसे आहेत.

चौथं: ग्रामसभेचा ठराव

एकट्याची तक्रार म्हणजे भांडण समजलं जातं, ठराव म्हणजे गावाची मागणी. ठरावात सूचक, अनुमोदक, रस्ता क्रमांक, कुठल्या किलोमीटरपासून कुठपर्यंत नुकसान, कोणाच्या वाहतुकीने, आणि मागणी काय हे नेमकं असलं पाहिजे. कंपनी किंवा क्रशरवाला ना हरकत मागायला आलेला असेल तर ती वेळ सोन्याची आहे, त्यानंतर तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. ना हरकतीत लेखी अटी घाला: किती टनांपर्यंतची गाडी, कुठला रस्ता, कुठल्या वेळात, शाळा भरताना सुटताना बंद, पावसाळ्यात बंद किंवा फक्त रिकाम्या, ताडपत्री, पाणी मारणं, आणि काम चालू असताना महिन्याला खड्डे भरणं आणि काम संपल्यावर रस्ता पहिल्यासारखा करून देणं. अनामत रक्कम किंवा बँक गॅरंटी ज्या खात्याचा रस्ता आहे त्या खात्याच्या नावाने घ्यायला लावा, आधीच्या व्हिडिओची सीडी कराराला जोडा. मंदिराला देणगी, जत्रेला मंडप, असल्या गोष्टींवर रस्ता विकू नका हे मनापासून सांगतो, मंडप दोन दिवसांत उतरतो आणि रस्त्याचं दुखणं पाच वर्षं राहतं.

पाचवं: कोणाला काय लिहायचं

एकच अर्ज सगळ्यांना पाठवू नका, प्रत्येकाला त्याच्या अधिकाराचं मागा.

जिल्हा परिषद किंवा पीडब्ल्यूडीच्या कार्यकारी अभियंत्याला: संयुक्त पाहणी, पंचनामा, दुरुस्तीचं अंदाजपत्रक आणि ते जबाबदार कंपनीकडून वसूल करण्याची नोटीस. अंदाजपत्रक झाल्याशिवाय नुकसानीला आकडा येत नाही आणि आकड्याशिवाय वसुली नाही.

आरटीओला: वायुवेग पथकाने (आरटीओचं फिरतं तपासणी पथक) अमुक ठिकाणी, अमुक वेळेत तपासणी करावी. कलम ११४ खाली जास्त वजनाचा संशय आला तर अधिकारी गाडी पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आतल्या काट्यावर नेऊ शकतो, तेव्हा जवळचा काटा कुठे आहे तेही लिहा.

तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी: पास तपासणी. आणि खाणीच्या भागात असाल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी रस्त्याला मागा, खाणकामाने बाधित गावांसाठीच तो असतो.

जिल्हाधिकारी: कलम ११५ खाली त्या रस्त्यावर ठरावीक वजनावरच्या गाड्यांना बंदी किंवा वेळेचं बंधन. बंदी एक महिन्यापर्यंतची असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते, जास्त काळाची असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते. कमकुवत पुलासाठी आणि पावसाळ्यासाठी हे फार उपयोगी आहे. फक्त गावाने स्वतःच्या मनाने लोखंडी कमान ठोकू नका, रस्ता ज्या खात्याचा त्याची परवानगी नसेल तर ती बेकायदेशीर ठरते, आणि ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, एसटी अडकली तर मोठा घोटाळा होतो.

पोलीस स्टेशन: मोरी तोडली, पूल खचवला, रस्ता जाण्यासारखा ठेवला नाही, असं जाणूनबुजून झालं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये सार्वजनिक रस्ता, पूल यांच्या नुकसानीचा गुन्हा आहे.

तुमची स्वतःची भिंत, गोठा, विहिरीचं कठडं गाडीने पाडलं असेल तर विषय वेगळा, तिथे गाडीच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात मालमत्तेची भरपाई मागता येते, दावा ६ महिन्यांच्या आत टाका आणि पोलीस पंचनामा त्याच दिवशी करून घ्या.

अर्जाची भाषा साधी ठेवा, साधारण अशी:

"विषय: ग्रामा क्र. ... , कि.मी. ... ते ... या रस्त्याचे अवजड वाहतुकीमुळे झालेले नुकसान व वसुलीबाबत. महोदय, वरील रस्त्यावरून दि. ... पासून ... यांच्या कामासाठी दररोज सरासरी ... भरलेल्या गाड्या जात आहेत. तीन दिवसांच्या मोजणीची नोंद, वाहतुकीपूर्वीचे व आताचे फोटो आणि ग्रामसभेचा ठराव क्र. ... सोबत जोडला आहे. संयुक्त पाहणी करून पंचनामा करावा, दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार करून खर्च संबंधितांकडून वसूल करावा व तोपर्यंत रस्ता वाहतुकीस सुरक्षित ठेवावा, ही विनंती."

दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि नंबर घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलेला नसतो असं धरून चाला. आपले सरकार पोर्टलवरही टाका, पंतप्रधान योजनेच्या रस्त्यासाठी मेरी सडक अॅपवर फोटोसह टाका, आणि जिल्ह्याच्या लोकशाही दिनात घेऊन जा, तिथे सगळे अधिकारी एका खोलीत असतात आणि एकमेकांकडं बोट दाखवणं जरा अवघड होतं.

सहावं: उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार

१० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. मागायचं काय: रस्त्याचं डिझाइन कुठल्या वाहतूक गटासाठी केलं, थरांची जाडी किती, देखभालीची मुदत कधीपर्यंत, आतापर्यंत देखभालीची किती बिलं दिली, अमुक कंपनीला या रस्त्यावरून वाहतुकीची परवानगी किंवा हमीपत्र आहे का त्याची प्रत, आणि माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. "का केलं नाही" असं विचारू नका, कागदाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. बरेचदा माहिती अर्ज पोचल्यावरच उपअभियंता पाहणीला येतो, आणि तोच तर हेतू आहे.

दुरुस्ती सुरू झाली तर

कंपनी किंवा ठेकेदार सहसा ट्रॉलीभर मुरूम टाकून रोलर फिरवून निघून जायला बघतो, आणि गावही दमलेलं असल्यामुळे हो म्हणतं. खालचा थर खचलेला असेल तर वर कितीही डांबर टाकलं तरी ते फुटणार, तेव्हा मऊ झालेली जागा खोदून काढून, नवीन खडीचा थर दाबून, मग डांबर, साइडपट्टी उंच करून आणि गटार मोकळं करून असं काम पाहिजे. शाखा अभियंता हजर असताना थराची जाडी मोजा, फोटो काढा आणि अंदाजपत्रकाची प्रत हातात ठेवा. गाड्या अजून चालूच राहणार असतील तर आत्ता फक्त चालण्याजोगं करून घ्या आणि पक्कं काम वाहतूक संपल्यावर, पण अनामत तोपर्यंत परत द्यायची नाही हे लेखी असू द्या.

वेळेचंही भान ठेवा, उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो म्हणजे कारखान्याशी आणि बांधकाम विभागाशी बोलणं सप्टेंबरात झालं पाहिजे, आणि पावसाळ्यातल्या बंदीसाठीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं एप्रिलमध्येच गेला पाहिजे कारण त्यावर आरटीओ, पोलीस आणि बांधकाम विभागाचा अभिप्राय मागवण्यात सहज महिना-दीड महिना जातो.